ॲप्लिकेशन सर्व्हरचं कॉन्फिग प्रॉपर्टीज फाईल आणि स्क्रिप्टने कसं सांभाळायचं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऐरोलीत मिडलवेअर सपोर्टला बसून मला बरीच वर्षं झाली. टीममध्ये नवीन पोरं येतात, कुणी ठाण्याहून ट्रान्स-हार्बरने येतं, कुणी घणसोलीत पीजी घेऊन राहतं, पण पहिल्या दोन महिन्यांत सगळ्यांचे प्रश्न तेच असतात. दरवेळी चहाच्या टपरीवर तेच सांगून घसा सुकतो, म्हणून एकदाचं लिहून काढलं. उदाहरणं मुख्यतः आयबीएमच्या वेबस्फिअर ॲप्लिकेशन सर्व्हरची (कंपनीची जावा ॲप्लिकेशन ज्यावर चालतात ते सॉफ्टवेअर) आहेत कारण माझा हात त्यावर बसलाय, शेवटी लिबर्टीचं, म्हणजे त्याच्याच हलक्या प्रकाराचं, थोडं आहे. कमांडची नावं देवनागरीत लिहिलीत, टाइप करताना इंग्रजीत करायची हे काय वेगळं सांगायला नको.

ॲडमिन कन्सोल आहे की, सगळं क्लिक करून होतं, मग ही फाईलची भानगड कशाला?

एकच सर्व्हर असेल आणि वर्षातून दोनदा हात लावायचा असेल तर खुशाल कन्सोल वापरा, मी काही म्हणत नाही. पण आमच्याकडे असतं कसं, की एसआयटी आणि यूएटी (दोन्ही टेस्टिंगची), प्रोड (खरं काम चालतं ती) आणि डीआर (आपत्तीसाठी राखीव) अशी चार एन्व्हायर्नमेंट, प्रत्येकात सेल (एकत्र सांभाळला जाणारा सर्व्हरचा गट), सेलमध्ये चार-सहा नोड (साधारण एकेक मशीन) आणि प्रत्येक नोडवर दोन-तीन जेव्हीएम (जावा चालवणारी प्रोसेस, म्हणजे एकेक सर्व्हर). आता हीप, म्हणजे जेव्हीएमची मेमरी, वाढवायचीय, तर कन्सोलमध्ये सर्व्हर, मग जावा अँड प्रोसेस मॅनेजमेंट, मग प्रोसेस डेफिनिशन, मग जेव्हीएम, असं प्रत्येकासाठी जायचं, आकडा टाकायचा, सेव्ह करायचं. रात्री दीड वाजता बाराव्या जेव्हीएमवर एक शून्य कमी पडणार म्हणजे पडणार. आणि सगळ्यात वाईट म्हणजे सहा महिन्यांनी कुणी विचारलं की हा आकडा कुणी, कधी आणि का टाकला, तर उत्तर नसतं. फाईल असेल तर ती गिटमध्ये (बदलांचा इतिहास ठेवणारं टूल) असते, खाली नाव असतं आणि चेंज नंबर असतो.

प्रॉपर्टीज फाईलवालं कॉन्फिग म्हणजे नेमकं काय?

वेबस्फिअरचं खरं कॉन्फिग एक्सएमएलमध्ये असतं: सर्व्हर डॉट एक्सएमएल, रिसोर्सेस डॉट एक्सएमएल, सिक्युरिटी डॉट एक्सएमएल वगैरे. हे हाताने उघडून बदलायचं नाही, हा पहिला नियम. २००८ मध्ये वर्जन ७ आलं त्यात आयबीएमने सोय दिली की त्याच कॉन्फिगचा हवा तो तुकडा साध्या, नाव-बरोबर-किंमत अशा टेक्स्ट फाईलमध्ये बाहेर काढता येतो, बदलता येतो आणि परत आत घालता येतो.

कमांड मुख्य चार. एक्स्ट्रॅक्ट-कॉन्फिग-प्रॉपर्टीज बाहेर काढते, व्हॅलिडेट तपासते, अप्लाय लावते आणि डिलीट काढून टाकते. या सगळ्या ॲडमिनटास्क या ऑब्जेक्टखाली येतात आणि डब्ल्यूएस-ॲडमिन नावाच्या टूलमधून चालतात. रिकाम्या टेम्प्लेट फाईल बनवून देणारी एक पाचवी कमांड पण आहे, ती नवीन वस्तू तयार करायची असेल तेव्हा बरी पडते.

फाईल उघडली तर डोकं गरगरलं. वाचायची कशी?

घाबरू नका, पहिल्यांदा सगळ्यांचं होतं. पूर्ण सर्व्हर बाहेर काढला तर शेकडो ओळी येतात. पण ती सेक्शन-सेक्शनने बनलेली असते. प्रत्येक सेक्शनच्या डोक्यावर रिसोर्स टाइप आणि रिसोर्स आयडी असतो, म्हणजे ही गोष्ट काय आहे आणि कुठं राहते. रिसोर्स आयडी हा पत्त्यासारखा वाचा: सेल, मग नोड, मग सर्व्हर, मग त्यातली जेव्हीएम. जसं नवी मुंबई, मग ऐरोली, मग सेक्टर, मग बिल्डिंग. पत्त्यात खरी नावं नसतात, उद्गारचिन्ह आणि महिरपी कंसातले व्हेरिएबल असतात, आणि फाईलच्या अगदी शेवटी एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स नावाचा सेक्शन असतो तिथं त्या व्हेरिएबलच्या खऱ्या किमती दिलेल्या असतात. म्हणून ही फाईल खालून वर वाचायची सवय लावा: आधी तळाशी जाऊन बघा की ही कुठल्या सेलची, कुठल्या नोडची आहे. या एका सवयीने माझी तरी दोनदा नोकरी वाचलीय.

ओळीच्या शेवटी # लावून पुढं टाइप आणि डिफॉल्ट लिहिलेला असतो. रीडओन्ली लिहिलं असेल तर तिकडं बघायचं पण नाही, रिक्वायर्ड लिहिलं असेल तर नवीन वस्तू तयार करताना ती ओळ उडवायची नाही.

मग पूर्ण फाईल काढायची, एक आकडा बदलायचा आणि पूर्ण फाईल परत लावायची, बरोबर?

नाही! इथं थांबा, कारण हे पान लिहायचं खरं कारण हेच आहे.

फक्त जे बदलायचंय तेवढ्याच ओळी फाईलमध्ये ठेवा. हीप बदलायचीय ना, तर जेव्हीएमच्या सेक्शनचं डोकं ठेवा, इनिशियल आणि मॅक्झिमम हीपच्या दोन ओळी ठेवा, तळाचा व्हेरिएबल सेक्शन ठेवा, बाकी सगळं उडवा. अप्लाय कमांडला पूर्ण फाईल लागतच नाही, जेवढं लिहिलंय तेवढंच ती बदलते. फाईल बारा-पंधरा ओळींची झाली की अप्रूव्हर पण वाचतो, नाहीतर आठशे ओळींच्या फाईलवर कोण सही करताना वाचणार आहे, तुम्हीच सांगा.

माझंच सांगतो. एका क्लायंटकडे शनिवारी रात्रीचा चेंज होता, प्रोडवर हीप २०४८ एमबी करायची, बाकी काहीच नाही. यूएटीवर तेच काम आदल्या आठवड्यात झालं होतं, म्हणून मी शहाणपणा करून यूएटीच्या सर्व्हरचं पूर्ण एक्स्ट्रॅक्ट घेतलं, तळाशी सेल आणि नोडची नावं प्रोडची केली आणि लावून टाकलं. हीप बरोबर आली. पण त्याच फाईलमध्ये जेनेरिक जेव्हीएम आर्ग्युमेंटची ओळ होती आणि तिच्यात ॲप्लिकेशनला एन्व्हायर्नमेंट सांगणारा फ्लॅग होता, त्याची किंमत यूएटी. सर्व्हर झकास चालू झाला, लॉगमध्ये एक एरर नाही, आणि प्रोडचं ॲप्लिकेशन टेस्टच्या गेटवेला जाऊन धडकायला लागलं. कळलं कधी, तर बिझनेसच्या लोकांनी सकाळी चेक केलं तेव्हा, म्हणजे मी ऐरोली स्टेशनवरून पहिली लोकल पकडून ठाण्याला पोचलो होतो, तसाच उलट फिरलो. चूक टूलची नव्हतीच, मी सांगितलं ते त्याने इमानदारीत केलं.

व्हॅलिडेट केलं असतं तर वाचला असता ना?

नसतो वाचलो. व्हॅलिडेट बघतं की रिसोर्स सापडतो का, प्रॉपर्टीचं नाव बरोबर आहे का, आकड्याच्या जागी आकडा आहे का. यूएटी हा शब्द स्ट्रिंग म्हणून अगदी वैध आहे, त्याला काय कळणार. तरी पण व्हॅलिडेट केल्याशिवाय अप्लाय करू नका, कारण स्पेलिंगच्या चुका तिथंच पकडल्या जातात आणि व्हॅलिडेटने कॉन्फिगमध्ये काहीही बदल होत नाही, म्हणजे दिवसाढवळ्या बिनधास्त चालवून बघता येतं.

मला वाचवलं असतं ते रिपोर्टने. अप्लाय आणि व्हॅलिडेट दोन्हीला रिपोर्ट फाईलचं नाव देता येतं आणि त्याला फिल्टर असतो: सगळं दाखव, फक्त एरर दाखव, किंवा एरर आणि बदल दाखव. हा तिसरा लावायचा. अप्लाय झालं की सेव्ह करायच्या आधी रिपोर्ट उघडायचा, त्यात दोन बदल अपेक्षित असतील आणि नऊ दिसले तर तिथंच थांबायचं.

म्हणजे अप्लाय केलं की लगेच सेव्ह होत नाही?

नाही, आणि हे फार चांगलं आहे. अप्लायने बदल तुमच्या सेशनच्या वर्कस्पेसमध्ये जातो. ॲडमिनकॉन्फिग सेव्ह म्हटलं की मास्टर कॉन्फिगमध्ये, म्हणजे पूर्ण सेल सांभाळणाऱ्या डेप्लॉयमेंट मॅनेजरकडे जातो. आवडलं नाही तर ॲडमिनकॉन्फिग रिसेट, विषय संपला. नवीन लोकांची नेहमीची तक्रार असते, स्क्रिप्ट चालली, एरर नाही, पण बदल दिसत नाही. दहातल्या आठ वेळा सेव्हची ओळच लिहिलेली नसते. उरलेल्या दोन वेळा नोड सिंक झालेला नसतो किंवा सर्व्हर रिस्टार्ट केलेला नसतो.

सिंक म्हणजे परत काय?

मास्टर प्रत डेप्लॉयमेंट मॅनेजरकडे, प्रत्येक नोडकडे आपली कॉपी. नोड एजंट, म्हणजे नोडवरची मदतनीस प्रोसेस, डिफॉल्टने दर एक मिनिटाला विचारतो की काही नवीन आहे का. बऱ्याच ठिकाणी प्रोडवर हे ऑटो सिंक मुद्दाम बंद ठेवतात, मग तुम्हाला स्क्रिप्टमधूनच सगळ्या चालू नोडना सिंक सांगावं लागतं, त्यासाठी तयार फंक्शन आहे. आणि कुणी शहाण्याने नोडवर जाऊन थेट एक्सएमएल बदललं असेल तर ते कधी ना कधी सिंकमध्ये उडणार, तेव्हा माझ्याकडे यायचं नाही.

जेव्हीएमच्या सेटिंगला रिस्टार्ट लागतोच. ट्रेस लेव्हलसारख्या काही गोष्टी ॲडमिनकंट्रोलमधून चालत्या सर्व्हरवर बदलता येतात, पण त्या कॉन्फिगमध्ये पण टाकल्या नाहीत तर रिस्टार्टनंतर गायब.

फाईलमधून एक ओळ काढून परत अप्लाय केली, तरी सर्व्हरवर ती प्रॉपर्टी तशीच आहे. बग आहे का?

बग नाही. न लिहिणं म्हणजे "हात लावू नको", "काढून टाक" नव्हे. काढायचं असेल तर त्यासाठी वेगळी डिलीट कमांड आहे. उलट बाजूने बघितलं तर याच वागण्यामुळे वर सांगितलेली छोटी फाईल चालते.

डब्ल्यूएस-ॲडमिनच्या स्क्रिप्टसाठी जॅकल शिकू की जायथॉन?

जायथॉन, म्हणजे जावावर चालणारं पायथॉन. आयबीएम स्वतः कित्येक वर्षं तेच सांगतंय. जुन्या टीमकडून वारशात जॅकलच्या स्क्रिप्ट मिळतील, त्या वाचता आल्या पाहिजेत एवढंच. एक गोची मात्र लक्षात ठेवा, डब्ल्यूएस-ॲडमिनची डिफॉल्ट भाषा जॅकल असू शकते, मग तुमची जायथॉनची फाईल पहिल्याच ओळीला आपटते आणि एरर असा विचित्र येतो की काही कळत नाही. म्हणून कमांडमध्ये भाषा कायम स्पष्ट लिहा.

आणि हो, कॉलेजात शिकलेलं पायथॉन तीन इथं चालणार नाही. जुन्या वर्जनमध्ये जायथॉन २.१ आहे, त्यात ट्रू आणि फॉल्ससुद्धा नाहीत, एक आणि शून्य वापरावं लागतं. वर्जन ९ मध्ये २.७ आलं तेव्हा जरा श्वास घेतला.

ॲडमिनकॉन्फिगच्या लिस्टने दिलेल्या यादीवर लूप लावला तर एकेक अक्षर छापतंय!

कारण ती यादी नाहीच, एक लांब स्ट्रिंग आहे, मध्ये नवीन ओळी. स्प्लिटलाइन्स लावा. यावर मी स्वतः एक अख्खी दुपार घालवलीय आणि कुणाला सांगितलं नाही.

प्रत्येक जेव्हीएमसाठी वेगळी फाईल बनवू का?

नका बनवू. व्हेरिएबलवाला एक साचा ठेवा आणि प्रत्येक एन्व्हायर्नमेंटसाठी व्हेरिएबल मॅपची छोटी फाईल वेगळी ठेवा, अप्लाय करताना दोन्ही द्यायच्या. साच्यात एन्व्हायर्नमेंटचं नाव, होस्टनेम, पोर्ट असलं काहीही थेट लिहायचं नाही. म्हणजे यूएटीला जो साचा तपासला तोच अक्षरशः प्रोडला जातो, बदलते ती फक्त मॅपची फाईल, आणि ती दहा ओळींची असते, समोरासमोर ठेवून डोळ्याने तपासता येते. आम्ही दोन माणसं बसवतो, एक वाचतो आणि दुसरा बोट ठेवतो, बँकेत नोटा मोजतात तसं.

डेटासोर्सच्या कनेक्शन पूलचे (डेटाबेसकडे जाणाऱ्या, वाटून वापरायच्या कनेक्शनचा साठा) आकडे किती ठेवू?

ते ॲप्लिकेशनची टीम आणि डीबीए (डेटाबेस सांभाळणारे) ठरवतील, मी नाही. फक्त डिफॉल्ट माहीत असू द्या: जास्तीत जास्त कनेक्शन १०, कमीत कमी १, कनेक्शन टाइमआउट १८० सेकंद. आणि वेब कंटेनरच्या थ्रेड पूलचा डिफॉल्ट ५०. म्हणजे पन्नास थ्रेड दहा कनेक्शनसाठी रांगेत, आणि प्रत्येकजण तीन मिनिटं वाट बघणार. संध्याकाळी सहाला ठाणे स्टेशनच्या शेअर रिक्षाची लाईन आठवा, तसंच. युजरला वाटतं साइट हँग झाली. दुसरं, पूल हा प्रत्येक जेव्हीएमचा वेगळा असतो. तुम्ही ५० केलात आणि जेव्हीएम बारा असतील तर डेटाबेसवर ६०० पर्यंत कनेक्शन जाऊ शकतात, म्हणून फाईल लावायच्या आधी डीबीएला फोन करा.

पासवर्ड फाईलमध्ये एक्सओआर करून ठेवलाय, सेफ आहे ना?

अजिबात नाही. ते एन्क्रिप्शन नाही, नुसतं एन्कोडिंग आहे. प्रत्येक कॅरॅक्टरला अंडरस्कोरबरोबर एक्सओआर करून बेस चौसष्ट केलेलं असतं, कुणीही दोन मिनिटांत उलटं करतं. खांद्यावरून कुणी सहज बघू नये, एवढाच त्याचा उपयोग. असली ओळ गिटमध्ये गेली म्हणजे पासवर्ड गेला असंच समजा आणि बदलून घ्या, कारण नंतरच्या कमिटमध्ये काढला तरी हिस्टरीत राहतोच. पासवर्ड व्हॉल्टमधून चेंजच्या वेळी आणा, स्क्रिप्टला द्या, काम झालं की ती तात्पुरती फाईल पुसून टाका.

आमच्या ॲप्लिकेशनच्या स्वतःच्या प्रॉपर्टीज फाईल आहेत, त्यात काय सांभाळायचं?

या साध्या वाटतात आणि इथंच जास्त तिकिटं येतात.

किमतीच्या मागे राहिलेली स्पेस जावा काढत नाही, ती किमतीचाच भाग होते. यूजरनेमच्या मागे एक स्पेस, आणि लॉगिन फेल, स्क्रीनवर काहीच दिसत नाही. कॉपी-पेस्ट मेलवरून केलं असेल तर आधी हेच बघा.

ओळीच्या मध्येच # टाकून कमेंट लिहिली तर ती पण किमतीत जाते, जावाच्या नेहमीच्या प्रॉपर्टीज फाईलमध्ये कमेंट ओळीच्या सुरुवातीलाच चालते. वर वेबस्फिअरच्या एक्स्ट्रॅक्ट फाईलमध्ये ओळीच्या शेवटी कमेंट असते असं म्हटलं ना, तो त्या टूलचा स्वतःचा रिवाज आहे, तो इकडे आणू नका.

एकच नाव दोनदा आलं तर शेवटचं जिंकतं. गुपचूप. लांब फाईलमध्ये तुम्ही वरचं बदलत बसता आणि खाली कुणीतरी चार वर्षांपूर्वी तेच परत लिहिलेलं असतं.

विंडोजचा पाथ लिहिताना उलटी तिरकी रेघ एकदाच टाकली तर ती गिळली जाते, दोनदा टाका किंवा सरळ तिरकी रेघ वापरा, जावाला विंडोजवर पण चालते.

आणि मराठी! एकदा मेसेजची टेम्प्लेट मराठीत टाकायची होती, फाईल यूटीएफ-८ मध्ये सेव्ह केली, सर्व्हरवरून आलं ते नुसतं अगम्य चिन्हांचं कडबोळं. कारण जावाचं प्रॉपर्टीज लोड इनपुट स्ट्रीममधून वाचताना फाईल आयएसओ ८८५९-१ आहे असंच धरतं. उपाय दोन: डेव्हलपरला यूटीएफ-८ सांगून रीडरने वाचायला लावा, नाहीतर प्रत्येक अक्षर युनिकोड कोडमध्ये लिहा, म्हणजे ठ साठी उलटी रेघ, यू आणि ०९२०. २०१७ च्या जावा ९ पासून रिसोर्स बंडल (भाषेप्रमाणे मेसेज ठेवायच्या फाईल) असेल तर यूटीएफ-८ आधी धरलं जातं, पण साध्या लोडचं वागणं तेच जुनं राहिलं, आणि लोक या दोन्हीत गल्लत करून भांडत बसतात.

स्क्रिप्ट मध्येच टाइमआउट झाली. परत चालवू?

थांबा. डब्ल्यूएस-ॲडमिन ज्यातून मॅनेजरशी बोलतं त्या सोप क्लायंटचा रिक्वेस्ट टाइमआउट डिफॉल्टने १८० सेकंद असतो. मोठं ईएआर (ॲप्लिकेशनचं पॅकेज) टाकताना तो ओलांडतो, तुमच्या स्क्रीनवर एरर येतो, पण तिकडं डेप्लॉयमेंट मॅनेजरवर काम चालूच असू शकतं. आधी लॉग बघा, मग ठरवा. टाइमआउट सोप क्लायंटच्या प्रॉप्स फाईलमध्ये वाढवता येतो.

परत चालवायच्या प्रश्नाचं खरं उत्तर स्क्रिप्ट लिहितानाच द्यायचं असतं. नवीन वस्तू तयार करायच्या आधी गेटआयडीने विचारा की ती आधीच आहे का, रिकामं उत्तर आलं तरच तयार करा. मग दोनदा काय, पाचदा चालवा.

डेप्लॉयमेंट मॅनेजर चालू असताना कनेक्शन टाइप नन करून चालवलं तर पटकन होतं म्हणे?

पटकन होतं आणि पटकन बिघडतं. तो मोड थेट फाईलवर लिहितो. मॅनेजर बंद असेल तेव्हाच वापरा. नेहमीचं सोपने जोडायचं, मॅनेजरचा डिफॉल्ट पोर्ट ८८७९, एकट्या सर्व्हरचा ८८८०. वेळ वाचवायचा असेल तर प्रत्येक कामाला वेगळा डब्ल्यूएस-ॲडमिन चालू करू नका, त्याला उठायलाच वेळ लागतो, दहा कामं एकाच स्क्रिप्टमध्ये घाला.

रोलबॅक प्लॅनमध्ये काय लिहू?

दोन गोष्टी. एक, बॅकअप-कॉन्फिग. ही कमांड डिफॉल्टने सर्व्हर थांबवते बरं का, दुपारी बाराला प्रोडवर नो-स्टॉप न लावता चालवणारे महाभाग मी बघितलेत. दोन, बदलायच्या आधी त्याच तुकड्याचं एक्स्ट्रॅक्ट, म्हणजे जुन्या किमतींची छोटी फाईल. प्रत्यक्षात रोलबॅक नेहमी दुसऱ्यानेच होतो, पूर्ण रिस्टोअर म्हणजे इतरांचे बदल पण मागे जातात. फक्त ती जुन्या किमतींची फाईल पण आधी व्हॅलिडेट करून ठेवा, रात्री तीनला पहिल्यांदा चालवायची नसते.

आम्ही लिबर्टीवर चाललोय, हे सगळं वाया का?

बरंच हलकं होतं. तिथं सर्व्हर डॉट एक्सएमएल हीच मुख्य फाईल आणि ती हातानेच लिहायची असते, म्हणजे माझा पहिला नियम तिथं उलटा. बदल केला की सर्व्हर स्वतः ओळखतो, डिफॉल्टने दर ५०० मिलिसेकंदाला बघत असतो. पण बूटस्ट्रॅप प्रॉपर्टीज आणि जेव्हीएम ऑप्शन्स बदलले तर रिस्टार्ट हवाच. एन्व्हायर्नमेंटप्रमाणे बदलणाऱ्या किमतींसाठी कॉन्फिग ड्रॉपइन्सचा ओव्हरराइड फोल्डर वापरा, मूळ फाईलला हात न लावता. फक्त त्या फोल्डरमध्ये कोण काय टाकून गेलंय ते महिन्यातून एकदा उघडून बघा, आमच्याकडे गेल्या वेळी एक फाईल सापडली ती टाकणारा माणूस कंपनी सोडून दीड वर्ष झालं होतं.